शरयू, ते धुकं नव्हतं

शरयू,

तुला पोचवायला तुंगार्लीच्या घरी जमलेल्या माणसांत आमच्या नवलाख उंबरे गावचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ज्या गावाच्या शिवेवर तू तुझी उमेदीची वर्षं घालवलीस, त्या गावातून एक माणूस आला नाही. मला वाईट वाटलं. आणि लगेच त्या वाईट वाटण्याचाच राग आला. गावानं का यावं?

मग शोकसभा झाली. तिथे सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. शेजारच्या काकू म्हणाल्या, कायम हसतमुख. कॉलेजातले सर म्हणाले, अशी विद्यार्थिनी पुन्हा मिळाली नाही. तुझ्या नवऱ्याच्या, अभयच्या, मोठ्या भावानं आभार मानताना सांगितलं, "फुप्फुसांचा आजार कशामुळे झाला ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही." मी मागच्या रांगेत होते. उठले, चपला घातल्या आणि बाहेर आले. कशामुळे झाला ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि समोर मान खाली घालून बसलेल्या अभयलाही माहीत होतं. तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे बोलते. ऐकून घे. तुला दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडायची सवय होती. आता ऐकावंच लागेल.

गावाच्या शिवेवरच्या त्या कारखान्यात आपण एकाच दिवशी रुजू झालो होतो. तू केमिकल इंजिनिअर, दक्षिणेकडे समुद्रकाठच्या मोठ्या प्लांटमध्ये शिकून आलेली, उत्पादनाची प्रमुख. मी बी.एस्सी. झालेली गावातली मुलगी, प्रयोगशाळेत. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या तळहातावर काळी वाळू ओतलीस. बारीक, चमकदार, आणि हातात घेतल्यावर कळावं इतकी जड. "ह्याच्यात टायटॅनियम आहे, मंगल. पण ऑक्सिजनला असं घट्ट धरून बसलंय की नुसतं तापवून सुटत नाही."

मग मला भट्टीपाशी नेलंस. त्या उंच भट्टीत वाळू आणि कोकची, म्हणजे कोळशाची, भुकटी लाल होईपर्यंत तापवायची आणि खालून क्लोरिन सोडायचा. "कोळसा ऑक्सिजनला ओढतो, क्लोरिन टायटॅनियमला पळवून नेतो," तू म्हणालीस आणि स्वतःच हसलीस. "लग्न मोडायला दोघं लागतात बघ." भट्टीतून निघणारी वाफ थंड केली की पिवळट द्रव मिळायचा, टायटॅनियम टेट्राक्लोराइड. तो शुद्ध होत होत अगदी पाण्यासारखा नितळ झाला की मी सही करायची. शेवटी त्याचीच पांढरीशुभ्र भुकटी व्हायची, भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, औषधाच्या गोळीवरच्या पापुद्र्यात जाणारी. काळ्या वाळूतून ते पांढरं निघताना तू इतक्यांदा पाहिलं होतंस, तरी दर वेळी ओंजळीत घेऊन बघायचीस. देश ही भुकटी बहुतेक बाहेरून आणतो, आपण ती इथे करतोय, हे तू सांगायला लागलीस की तुझा चेहरा वेगळाच दिसायचा. ते खोटं नव्हतं. तुझं ते प्रेम खरं होतं, म्हणूनच पुढचं मला जड जातं.

त्या नितळ द्रवाचं पाण्याशी वैर. बाटलीचं बूच जरा सैल झालं की हवेतल्या ओलाव्याला भिडून त्याचा दाट पांढरा धूर व्हायचा, आणि त्या धुरात ॲसिड. एका रविवारी आपण कुरवंड्याला गेलो होतो. नागफणीच्या पायथ्याला दगडावर बसून तू भाजलेलं कणीस खात होतीस. मी तुला विचारलं होतं, "ज्याचं पाण्याशी पटत नाही ते बनवायला तुम्हाला मावळच सापडलं? पावसाळ्यात इथे कपाटातले कपडे भिजतात."

"बंद पाइपाला बाहेरचा पाऊस कळत नाही, मंगल."

"बंद राहिला तर."

"राहील. मी आहे ना."

तू आहेस म्हटल्यावर विषय संपला होता. त्या काळात माझा तुझ्यावर असा विश्वास होता. घरच्यांनी मुलगी कारखान्यात नको म्हटलं, तेव्हा तूच आमच्या घरी येऊन जमिनीवर मांडी घालून बसली होतीस. आईनं वाढलेलं भरीत आणि इंद्रायणीचा मऊ भात दोनदा मागून खाल्लास. जाताना आईला म्हणालीस, "मावशी, तुमची मुलगी माझ्या नजरेसमोर असेल." तू गेल्यावर आई म्हणाली, "लय गुणाची हाय गं शरू." त्या दिवसापासून तू आमच्या घरात शरू झालीस.

आता तो दिवस. गणपती उठले होते, भात पोटरीला आलं होतं. माझी सुट्टी होती. आई सकाळीच कारखान्याच्या भिंतीलगतच्या आमच्या खाचरात गवत काढायला गेली होती. मी भाकरी घेऊन बांधावर पोचले तर भिंतीपलीकडून पांढरं काहीतरी उतरत होतं. आमच्याकडे धुकं डोंगरावरून येतं, अंगावर गार लागतं आणि झाडांच्या शेंड्यांना धरून राहतं. हे जमिनीला चिकटून, ओढ्याच्या वाटेनं, घाईनं येत होतं. वास आला आणि माझ्या हातातली भाकरी पडली. तो वास मी रोज घेत होते, काचेच्या बंद कपाटात, चिमटीएवढा.

"आई, वर ये! वर!" मी ओरडले. आई वळली तेव्हा तिच्या गुडघ्यांपर्यंत धूर होता. तिला ओढत बांधावरून वरच्या रस्त्याला आणेपर्यंत ती वाकून वाकून खोकत होती. शेजारच्या वावरातले धोंडूआबा डोळे चोळत ठेचकाळत आमच्या मागून आले. मी तुला फोन लावत होते. परत परत लावत होते. तू उचलला नाहीस.

का उचलला नाहीस ते मला नंतर संतोषनं सांगितलं. तो आमच्याच आळीतला, तुझ्या हाताखाली ऑपरेटर. पाइपाच्या जोडातली चकती फाटली होती. श्वासासाठीचा सिलिंडर घ्यायला माणसं धावली तर तो रिकामा, भरून आणायचा राहिलेला. मालकाला तू कितीदा सांगितलं होतंस हेही संतोषच म्हणाला. सगळे गेटकडे पळाले. कुणीतरी ओला रुमाल पुढे केला, तेव्हा तू तो झिडकारून म्हणालीस, "ओला नको, तोंडावरच ॲसिड होईल." कोरड्या ओढणीनं नाक-तोंड आवळून बांधलंस आणि आत गेलीस. दम संपला की बाहेर यायचीस, श्वास घेऊन पुन्हा आत. व्हॉल्व्ह घट्ट फिरेपर्यंत.

शरयू, तू तो फिरवला नसतास तर आज माझी आई नसती. हे मी आधी लिहिते. नंतर लिहिलं असतं तर रागाच्या भरात राहून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी खाचरातल्या भाताची पाती टोकांना भाजल्यासारखी तपकिरी झाली होती आणि त्यांवर पांढरी भुकटी बसली होती. मी बोटानं पुसून पाहिली. ओंजळीत घेऊन तू बघायचीस, तीच.

गावानं ग्रामसभा बोलावली. देवळासमोरच्या मंडपात तू कंपनीच्या गाडीतून आलीस. मला वाटलं, तू आलीस म्हणजे बरं झालं, आता नीट सांगशील. तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस की त्या सकाळी घाटावरून ढग खाली उतरले होते, प्लांटमधून कसलीही गळती झालेली नाही.

धोंडूआबा उभे राहिले. "मॅडम, धुकं आमी जल्मापासनं बगतोय. धुक्यानं डोळं चुरचुरत न्हाईत."

"आबा, शिवारात कुणाची तरी फवारणी चालू असेल."

"भात फुलायच्या टायमाला कोन फवारतंय?" मागून कुणीतरी बोललं. काही लोक हसले, काही चिडले. मी उठले. मी म्हणाले, "शरयू, मी तिथे होते. तो टेट्राक्लोराइडचा धूर होता. तुला माहितीये."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. तू सरपंचांकडे बघत म्हणालीस, "मंगलताई घाबरल्यात. त्यांची त्या दिवशी ड्यूटी नव्हती. आईच्या तब्येतीमुळे त्या काळजीत आहेत, मी समजू शकते."

मंगलताई. त्या. इतकी वर्षं "अगं ए मंगले" म्हणून हाक मारणारी तू, आणि भर गावात मला "त्या" केलंस. खोटं बोललीस ते मी कदाचित कधीतरी विसरले असते. ते "त्या" विसरले नाही. संतोष मंडपाच्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. त्याची नोकरी होती, घरातल्या आणखी दोघांचीही तिथेच होती. त्याला मी काय बोलू? गावानंही मग आवाज खाली घेतला. शिकलेल्या मॅडम म्हणतात गळती नाही, आणि अर्ध्या गावाची पोरं आत कामाला.

गाडीपाशी मी तुला गाठलं. तू म्हणालीस, "एका चकतीसाठी सगळं बुडवायचं का, मंगल? प्लांट बंद पडला तर या पोरांना कामं तू देणार आहेस? मी मालकाकडून सगळं दुरुस्त करून घेतलंय. पुन्हा होणार नाही."

"मग झालं होतं एवढं तरी म्हण."

"ते म्हटलं की बंदच," तू म्हणालीस आणि दार ओढून घेतलंस.

मी नोकरी सोडली. तळेगावात एका दूध डेअरीत लागले, अजून तिथेच दुधाचे नमुने तपासते. आईचा खोकला दिवाळी होऊन गेली तरी हटला नाही. एकदा खोकल्याची उबळ थांबल्यावर ती म्हणाली, "शरूचा आवाज बसला हुता गं त्या दिशी, सभंत. म्या तवाच वळाखलं." मी चमकले. खरंच की. माइकवर तुझा आवाज घोगरा येत होता, तू दर वाक्यानंतर घसा खाकरत होतीस. सगळ्यांना वाटलं सर्दी. धुक्यानं बसला होता का गं तुझा आवाज?

आणि ज्याच्यासाठी हे केलंस ते तरी टिकावं. बाहेरचा स्वस्त माल आला, मालकानं हात वर केले, दोन-तीन वर्षांत भट्टी थंड झाली. पोरं घरी बसली ती बसलीच. संतोष आता लोणावळ्याला पर्यटकांना गाडी फिरवतो. भिंतीच्या आत गवत माजलंय. म्हणजे तुझ्या खोट्यानं फक्त थोडा वेळ विकत आणला, आणि त्याची भरपाई तुझ्या छातीनं केली.

गेल्या उन्हाळ्यात अभयचा फोन आला. "शरयूला तुम्हाला भेटायचंय." इतक्या वर्षांनी. मी येणार नव्हते. आईनं पिशवीत नवे तांदूळ भरले आणि ती दारात ठेवून म्हणाली, "जा. दुखणाईत मान्साशी भांडू ने." मी आले ती भांडायच्याच तयारीनं, आणि तुला बघून पिशवी तुझ्या मांडीवर ठेवली. तू व्हरांड्यात खुर्चीत होतीस, नाकाला नळी, बाजूला ते यंत्र घरघरत होतं. घरासमोरच्या तळ्यापर्यंत पळत जाणारी तू, आता फाटकापर्यंत जायला अभयचा हात लागत होता. तू पिशवीचं तोंड उघडून तांदळाचा वास घेतलास. "मावशींनी पाठवले?" एवढंच विचारलंस. मग डेअरीचं, पावसाचं, कुठल्या तरी सिरियलचं बोलत राहिलीस.

मीच शेवटी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस का?"

"काय?"

"तू आत गेली होतीस ते."

तू तळ्याकडे बघायला लागलीस. दारातून अभय म्हणाला, "त्यांनी विचारलं होतं, कधी एखादा वायू छातीत गेला होता का. ही नाही म्हणाली. मी मालकाला फोन केला, उपचारांना मदत करा म्हणून. ते म्हणाले, तुमच्या मिसेसनीच तर भर सभेत सांगितलं होतं, काही झालं नाही."

तू त्याला म्हणालीस, "अभय, चहा टाक ना." तो आत गेला.

"मी सांगते," मी म्हणाले. "मी सांगेन, आई सांगेल, आता संतोषलाही कुणाची भीती नाही. तू आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केलास हे सगळ्या गावाला कळू दे."

"आणि मी खोटं बोलले, हेही सांगशील?"

"त्याशिवाय पहिलं कसं सांगता येईल?"

"मग नको." तू दम घेतलास. "लोकांना माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. मावशींना नको कळायला."

"आईला कधीच कळलंय, शरयू. त्याच दिवशी, सभेत, तुझ्या आवाजावरून."

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी वाट पाहिली. यंत्राची घरघर ऐकत, चहा थंड होईपर्यंत वाट पाहिली. तुझ्याकडून एक शब्द हवा होता, माझ्यासाठी नाही म्हण, आईसाठी. तू म्हणालीस, "भात लागवडीला लोक मिळतात का गं हल्ली?" मी पर्स उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर तू हाक मारलीस, "मंगले!" मी वळले. तू नुसता हात हलवलास. तेवढ्यावर मला निभवायला लावलंस तू. त्या हाकेतच सगळं आलं, असं मनाशी म्हणून बघते कधी कधी. पण नाही येत, शरयू. काही शब्द बोलावेच लागतात. तुला बोलता येत नव्हतं असं नाही. क्लोरिन आणि टायटॅनियमवर तू तासन्‌तास बोलायचीस.

आता तुला न कळलेली गोष्ट सांगते. तुझ्या शोकसभेनंतर थोड्याच दिवसांनी आमच्या गावात पुन्हा मंडप पडला. बंद कारखाना एका नव्या कंपनीनं घेतलाय. तीच वाळू, तीच भट्टी, आणखी मोठी. त्यासाठी जनसुनावणी होती. इस्त्री केलेल्या शर्टातला त्यांचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. धोंडूआबांनी विचारलं, "मागल्या टायमाला धूर सुटला हुता, त्याचं काय?" तो माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "काका, या जागेत कधीही गळती झालेली नाही. त्या वेळच्या मॅडमनी तुमच्याच ग्रामसभेत तसं सांगितलेलं आहे."

तू गेलीस, शरयू. तुझं खोटं मात्र अजून नोकरीवर आहे.

मी उठले. त्या दिवसाचं आणि सभेचं जेवढं वर लिहिलंय तेवढं सगळं बोलले. फाटलेली चकती, रिकामा सिलिंडर, कोरडी ओढणी, भाजलेली पाती. तू आत गेलीस ते सांगितलं आणि तू खोटं बोललीस तेही सांगितलं, त्याच आवाजात, एकापाठोपाठ एक. तू नको म्हणाली होतीस. तुझं ऐकलं नाही. मागून संतोष उभा राहिला आणि म्हणाला, "मंगलताई बोलली ते खरंय. म्या सोता बगितलंय." मंडपात कुजबुज सुरू झाली. सुनावणी घेणारे साहेब लिहीत होते. त्यांनी पेन थांबवलं आणि मला विचारलं, "त्या मॅडमना पुढच्या तारखेला इथे आणता येईल का?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

खरंच म्हणाले. तुझा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, हात पर्सकडेही गेला. मग मला कळलं मी काय बोलले ते. साहेब वाट बघत होते. सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. आईनं माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि गुडघ्यांवर हात टेकत स्वतः उठली.

"ती न्हाई यायची आता, सायेब," आई म्हणाली. "तिचं लेकराचं काळीज, भ्याली हुती. तुमी लिवा. आमी सांगतो."